पतीचं नाव सांगा

—तुझ्या काकूला आयसीयूत नेलं तो बुधवार होता की गुरुवार, शपथेवर नाही सांगता येणार. माझ्या आठवणीवर माझाच भरवसा उरलेला नाही. पण हिमांशू, तूच म्हणालास ना, मुकुंदकाका, प्रश्नांचं मराठी तपासून द्या? मराठी ठीक आहे. प्रश्न मूर्ख आहेत. हृदयविकाराचे पेशंट आयसीयूत भ्रमिष्ट का होतात, यावर तुम्ही संशोधन करणार — त्यांचा चष्मा काढता, कवळी काढता, कानातलं मशीन काढता, रात्रंदिवस दिवे जाळता, आणि मग का झाले म्हणून निबंध लिहिता. आता नवा शोध काय, तर चष्मा परत द्या. वा. यासाठी परिषदा भरवाव्या लागल्या. हसू नकोस, जन्मभर संख्याशास्त्र शिकवलंय मी, तुमची आकडेमोड कळते मला — निदान कळायची.

आणि हा तिसरा प्रश्न — ‘पतीचं नाव सांगा.’ उत्तर आलं नाही की भ्रम. कुणी घातला हा? तू? तुझ्या कालिंदीकाकूला हेच विचारलं होतं. मी खाटेशेजारी उभा — की दाराशी? — दाराशीच असणार, आत कुठं येऊ देता तुम्ही. तिच्या तोंडावर मास्क, आणि एक पोरगेला डॉक्टर ओरडून विचारतोय, आजी, नवऱ्याचं नाव काय? ती गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. मग काहीतरी पुटपुटली. तो बाहेर येऊन म्हणतो, सर, त्यांना पक्षी दिसताहेत, तुम्हाला ओळखत नाहीत. झोपेचं इंजेक्शन दिलं. त्यानंतर ती नीट जागी झालीच नाही — नाही, इंजेक्शननं गेली असं नाही म्हणत मी, हृदयच थकलं होतं तिचं. पण एवढा संसार करून शेवटी मला ओळखलं नाही, हे घेऊन बसलो. कुणाला बोललो नाही. तुला तरी कशाला सांगतोय कोण जाणे. चहा घे, निवतोय.

कितीतरी वर्षांनी पैठणच्या बसमध्ये दीपमाला सिस्टर भेटली. त्या दिवशी ती शेजारच्या खाटेपाशी होती. तिला सगळं ऐकू आलं होतं, डॉक्टरांपुढं बोलायची टाप नव्हती. मी तिला दोनदा म्हणायला लावलं, खात्री करून घेतली. — खोड तो प्रश्न आणि नीघ आता. तुझी काकू माझं नाव असं नुसतं घेईल होय? उखाणा घेत होती ती, गाढवा: ‘जायकवाडीला उतरले परदेशी पक्षी, मुकुंदरावांचं नाव घेते, सिस्टर, तुम्ही साक्षी.’