रस्ता खोलीतून जातो

आर्किटेक्टकडचं नकाशे काढायचं काम का सोडलंस, म्हणून दर वेळी विचारता ना? मग ऐका.

बोरिवलीत पास्कल आणि हेन्री या दोन भावांना वडिलांच्या जागेचे दोन प्लॉट पाडून हवे होते. दोघांची बोलचाल बंद. निरोप असला की मला फोन, "त्याला सांग." मागच्या प्लॉटला रस्ता दाखवल्याशिवाय मंजुरी मिळत नाही, म्हणून मी नकाशात रस्ता आखला. मधे घराची एक खोली येत होती. तिच्यावर 'पाडणार' असं लिहिलं आणि मोकळा झालो. आत कोण राहतं, ते बघायला गेलोच नाही यार.

मग पाहणीला पालिकेचे इंजिनिअर आले. टेप घेऊन आम्ही त्या खोलीत शिरलो, तर खाटेवर या दोघा भावांची आई. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. मी टेपचं टोक खाटेच्या पायाला अडकवलं आणि बाहेर आलो, तिथे दोघे भाऊ उभे होते. इंजिनिअर हळूच म्हणाले, "ही खोली पाडल्याशिवाय फायनल मंजुरी नाही. काय करताय?"

दोघे भाऊ एकदमच बोलले, "थोडेच दिवस आहेत, साहेब."

आतून म्हातारीचा आवाज आला. "चला, एका गोष्टीवर तरी तुमचं एकमत झालं रे."

टेप सोडवायला मलाच आत जावं लागलं. खाटेपाशी वाकलो, तर तिने विचारलं, "नीट मोजलंस ना, बाबा?"