परक्याची खुर्ची

थांबाबाई,

मानपत्रावर तुझे संपूर्ण नाव छापले आहे, माझ्या नावासकट. मघाशी ते वाचले गेले तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच विचारले, "ह्या कोण?" म्हणून या सभागृहात ज्या नावाने तुला सारे ओळखतात, त्याच नावाने तुला प्रथम अभिवादन करतो. घरी मी तुला या नावाने कधी हाक मारली नाही. खरे तर कोणत्याच नावाने मारली नाही. मी खाकरत असे आणि तू "आले" म्हणत असस. तेवढ्यावर आपले भागले.

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, मंडळाचे चिटणीस, यंदाच्या तुकडीतील स्वार आणि त्यांची साहाय्यक पथके, नालबंद, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, पशुवैद्य आणि उपस्थित सज्जनहो,

सभेच्या संकेताप्रमाणे अध्यक्षांचा उल्लेख सर्वप्रथम व्हायला हवा, हे मला ठाऊक आहे. क्रम चुकलेला नाही. मी तो बदलला आहे. अध्यक्षांनी मोठ्या मनाने चालवून घ्यावे.

निमंत्रणपत्रिकेप्रमाणे आजचा समारंभ दुहेरी आहे: तिचा मरणोत्तर गौरव आणि माझा निरोप. गौरवाविषयी पतीने बोलणे शोभत नाही. निरोपाविषयी मात्र मला बोललेच पाहिजे. पागेच्या वरची प्रशिक्षणाची खोली आणि पहिल्या रांगेच्या टोकाला ठेवलेली ती घडीची खुर्ची मी का सोडतो आहे, हे आपल्याला कळायला हवे. ती खुर्ची अडगळ समजून स्वयंसेवकांनी मघापासून दोनदा उचलली. त्यांचा दोष नाही. तिचे कापड विटले आहे आणि एक पाय तारेने बांधलेला आहे.

प्रमुख पाहुण्यांनी आपल्या भाषणात या उपक्रमाला 'शर्यत' म्हटले. माझीही अनेक वर्षे तीच समजूत होती. शर्यतीत घोडा किती धावतो हे पाहतात. दीर्घ पल्ल्याच्या दौडीत, दिवसभर डोंगर-माळ तुडवून आल्यावर तो किती लवकर शांत होतो हे पाहतात. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी विसावा असतो. तिथे पशुवैद्य हृदयाचे ठोके मोजतात, हिरडी दाबून पाहतात, दुडक्या चालीने पळवून पाय तपासतात. घोडा ठीक असला तरच पुढे सोडतात.

थांबाबाई या कामासाठी माणसे तयार करीत असे. घोडे तयार करणे सोपे, असे ती म्हणे. स्वारांना ती पहिल्या दिवशी खोगीर डोक्यावर देऊन पागेभोवती चालवायची. चढ आला की उतरून घोड्याबरोबर पळायला लावायची. एकदा एका तरुण स्वाराने तक्रार केली, "बाई, मी घोड्यावर बसायला आलोय, घोड्याशेजारून धावायला नाही." ती म्हणाली, "मग त्यालाही विचारू या, तो कशाला आलाय ते." पथकांना ती डोळे मिटून तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल करायला शिकवी. घोड्याच्या मानेवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला पाणी सोडायचे आणि ते तापण्याआधी निपटून काढायचे, हे पुन्हापुन्हा करून घेई. तिचा एक नियम आपल्यापैकी अनेकांना सोसावा लागला आहे. घोडा पाणी पीत असताना त्याच्या कानाशी भांडायचे नाही. भांडण असेल तर गाडीमागे जाऊन करा, हवे तर मीही येते.

पण तिची खरी पद्धत ही खुर्ची होती.

तिचे म्हणणे असे, की ज्याचा हात घोड्यावर असतो त्याच्या मनात आशा असते, आणि आशा असलेल्या माणसाला लंगडणे दिसत नाही. स्वाराला दिसत नाही, मोतद्दाराला दिसत नाही, कधीकधी घाईत वैद्यांनाही नाही. म्हणून प्रत्येक पथकात एक परका हवा. त्याने घोड्याला हात लावायचा नाही, खायला घालायचे नाही, नावाने हाक मारायची नाही. विसाव्याच्या वाटेवर खुर्ची टाकून बसायचे आणि येताना-जाताना फक्त पाहायचे. त्याला एकच अधिकार. त्याने "थांबा" म्हटले की स्वाराने उतरायचे. कारण विचारायचे नाही, त्या वेळी नाही आणि नंतरही नाही.

परका म्हणून तिने माझी निवड केली. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानात जाऊन काटे तपासायचे आणि दुकानदाराचा चहा न घेता बाहेर पडायचे, यात माझे आयुष्य गेले. ती लोकांना सांगे, "आमच्या ह्यांना घोड्यातलं ओ की ठो कळत नाही. पण काटा हलला की दिसतो." ती स्वतः खुर्चीच्या मागे, पाठीवर हात ठेवून उभी राहायची. मी "थांबा" म्हणायचो पुटपुटल्यासारखे, ते पथकापर्यंत पोहोचायचे नाही, मग ती मोठ्याने म्हणायची. तिला ते नाव पडले ते असे. शब्द माझा असे, आवाज तिचा.

गेल्या मोसमात ती पागेचा जिना चढताना वळणावर थांबू लागली. मी मागे असायचो. विचारले की बोट ओठांवर ठेवून म्हणायची, "करडीचं ऐकतेय." करडी म्हणजे तिने स्वतः वाढवलेली घोडी. त्या मोसमाच्या दौडीत आमची कन्या करडीवर बसणार होती. मीही थांबून कान देत असे. आणि सज्जनहो, मलाही खाली करडीचा श्वास ऐकू येई. तो कोणाचा श्वास होता, हे मला इस्पितळात कळले. काट्यांकडे बघायला मी परका होतो. घरात मात्र कोणी परका नव्हता.

ती गेली तेव्हा दौड जवळ येऊन ठेपली होती. मुलगी म्हणाली, "आईने तयार केलेली घोडी आहे, बाबा. ती पागेत उभी ठेवायची?"

मी म्हणालो, "ने. पण खुर्चीवर मी बसणार नाही. मी आता परका राहिलेलो नाही."

"मग कोण बसणार? नालबंदकाका? ते करडीला लेक म्हणतात."

"म्हणतो, आणि आहेच," दारात उभे असलेले नालबंद म्हणाले. "मला बसवलंत तर मी तिला रस्त्यातनंच घरी नेईन."

तेव्हा मीच बसलो.

इथे मला एक गोष्ट सांगावी लागते. ती या व्यासपीठाला शोभेल की नाही, मला ठाऊक नाही. ती गेल्यापासून रोज संध्याकाळी मी खुर्ची घडी करून भिंतीला लावून खोलीला कुलूप घालत असे. रोज सकाळी खुर्ची उघडलेली, खिडकीशी, अंगणाकडे तोंड करून ठेवलेली सापडे. खोलीला दोनच किल्ल्या. एक माझ्या खिशात, दुसरी घरी तिच्या टोपीखालच्या खिळ्याला. मोतद्दारांना विचारले. ते म्हणाले, "साहेब, मी नाही. आणि बाईंनी उघडली असेल तर तुम्ही मिटू नका, राग येईल त्यांना." मी तरीही मिटत राहिलो. नियम म्हणून.

दौडीच्या दिवशी करडी प्रत्येक टप्पा सहज करून आली. पथक थांबाबाईने शिकवल्याप्रमाणे गप्प राहून काम करीत होते. पाणी, निपटणे, तंग, टाप. कोणी कोणाला काही सांगावे लागत नव्हते. मी पाहत होतो, पण मला घोडी दिसत नव्हती. मला अंतिम रेषा दिसत होती आणि तिच्यापलीकडे ही भिंत, जिच्यावर आज तिचे छायाचित्र लावले आहे. मनातल्या मनात मी म्हणत होतो, जा, बाई, एवढे पुरे कर.

शेवटच्या विसाव्यात वैद्यांनी तपासले. "ठोके शांत, पाय सरळ," ते म्हणाले. "अशी घोडी रोज बघायला मिळत नाही. निघा." मुलगी रिकिबीत पाय देऊन वर बसली. करडी चालत माझ्या खुर्चीपाशी आली आणि उभी राहिली. तिने मान वळवली. माझ्याकडे नाही. माझ्या उजव्या खांद्याच्या मागे, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, तिने नाक नेले, कान टवकारले आणि हळूच श्वास सोडला. त्या ठिकाणी कोणी नव्हते. खुर्चीचे कापड माझ्या पाठीशी किंचित ताणले गेले, हात ठेवल्यावर ताणते तसे.

आणि शब्द आला, "थांबा."

मुलगी तत्क्षणी उतरली. तिने तंग सोडला. मोतद्दारांनी लगाम काढला. वैद्य धावत आले. "का? काय झालं? मी पास केलं आहे हिला."

मोतद्दार म्हणाले, "कारण विचारायची पद्धत नाही आमच्यात, डॉक्टर."

परतताना गाडीत मुलीने तो नियम मोडला. "बाबा, काय दिसलं तुम्हाला?"

"काही नाही."

"मग थांबा का म्हणालात?"

"मी म्हणालो नाही."

तिने माझ्याकडे वळून पाहिले. मग म्हणाली, "आवाज तुमचाच होता."

पुढे बसलेले नालबंद मागे न वळता म्हणाले, "बाईंचा होता."

न्यायालयात मी अनेकदा शपथेवर साक्ष दिली आहे. त्याच जबाबदारीने सांगतो की माझे ओठ मिटलेले होते. यापेक्षा अधिक मला ठाऊक नाही.

करडीची नंतर कसून तपासणी झाली. चारही पाय, हृदय, पाठ. काहीही सापडले नाही. लोक भेटायला येत आणि हळहळत, "एकच टप्पा राहिला होता हो." त्यांना काय सांगणार? बरोबर थांबवलेला घोडा आणि उगाच थांबवलेला घोडा, दोघेही दुसऱ्या दिवशी सारखेच गवत खातात. थांबवलेल्या घोड्याकडून पुरावा मिळत नाही, हे तिनेच शिकवले होते. न थांबवलेल्याकडून मिळतो. तो कोणाला हवा आहे?

मंडळाने मला नव्या तुकडीसाठी परका म्हणून राहण्याची विनंती केली, आणि मी ती मान्यही केली होती. त्यानंतर सरावाच्या सकाळी मी बसू लागलो. पहिल्या आठवड्यात एका तांबड्या घोड्याला थांबवले. मग एका काळ्याला. मग तांबड्याला पुन्हा. तुम्ही स्वार निमूट उतरत होतात, कारण तुम्हाला तसेच शिकवले आहे. त्या तांबड्याच्या चालीत दोष नव्हता. मी त्याच्या पायांकडे पाहतच नव्हतो. मी मागून येणाऱ्या आवाजाची वाट पाहत होतो, आणि तो आला नाही म्हणून मीच "थांबा" म्हणत होतो, ते ऐकून तरी ती येईल या आशेने.

हे आधी माझ्या मुलीच्या लक्षात आले. एका सकाळी ती खुर्चीपाशी येऊन उकिडवी बसली. म्हणाली, "बाबा, पुढच्या दौडीला मी पुन्हा करडीवर बसणार आहे. तुम्ही मला थांबवाल. नक्की थांबवाल. आणि ज्या दिवशी खरंच थांबायला हवं असेल, त्या दिवशी तुम्ही मागे बघत असाल."

मी म्हणालो, "होय."

एवढेच बोलणे झाले. खुर्चीवर बसणाऱ्याने कोणाची वाट पाहायची नसते. माझ्या मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि आपल्या सर्वांच्या मुलाबाळांच्या. म्हणून हा निरोप.

माझ्या जागी आम्ही टपाल कचेरीतील एका बाईंना विनंती केली आहे. त्या दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, संकोचून मान खाली घालून. त्यांना घोड्यांची भीती वाटते आणि वासही सहन होत नाही. मुलीने त्यांना करडी दाखवली तेव्हा त्या दुरूनच म्हणाल्या, "ही डावीकडे जरा कमी बघते का?" ते खरे आहे की नाही, मला ठाऊक नाही; आम्हां कोणाच्याही ते लक्षात आलेले नाही. बाई, आपल्याला परकेपण लाभो. कोणी साखरेचा खडा दिला तरी घोड्याला भरवू नका. आपला आवाज लहान आहे, असे आपण मला म्हणालात. माझाही होता. एखादा मोठ्या आवाजाचा माणूस मागे उभा करून घ्या. जिवंत माणूस, असे मी मुद्दाम म्हणतो.

अध्यक्ष महोदयांनी दिलेला वेळ मी ओलांडला आहे. मंडळाने तिच्या कामाची जाण ठेवली, पथकांनी तिचे बोलणे सोसले, मोतद्दार आणि नालबंद यांनी माझा शिष्टपणा सोसला, आणि माझ्या मुलीने मला खरे तेच सांगितले, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल, न शोभणारे काही निघून गेले असेल, तर ते माझे समजावे, तिचे समजू नये, आणि पोटात घालावे.

एक शेवटची नोंद. आज दुपारी खोली रिकामी केली. खुर्ची उघडलेलीच होती. ती तशीच, न मिटता, इथवर आणली. उतरताना जिन्याच्या वळणावर कान देऊन थांबलो नाही. दार बंद केले, कुलूप घातले, ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या, तिची आणि माझी, चिटणिसांना परत केल्या आहेत.