जयवंताचा लघुग्रह

...आणि वर मलाच विचारतात, सत्काराची आयडिया कुणाची? अहो, माझी कसली? शाल त्यानं स्वतः निवडली, आरशात बघून निवडली! लाज वाटते हो सांगायला, पण तुम्हाला सांगतो, लालबागच्या आमच्या चाळीत असा सत्कार झाला नव्हता आणि देव करो, पुन्हा न होवो!

हा जयवंत माझा शेजारी. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, ब्याऐंशीला संप झाला, गेटला टाळं लागलं ते लागलंच, आणि घर कुणी ओढलं? बायकोनं, मालननं, खानावळ काढून! तेव्हापासून याला नावानं हाक मारणारा माणूस उरला नाही हो... "मालनचा घरवाला", बस्स! म्हणून तर हे झालं.

याची भाची नलू. मालवणची पोर, संपाच्या सालात यांच्याकडे राहून, मामीच्या भाकऱ्या खाऊन शिकली, आता परदेशात मोठ्या वेधशाळेत. तिचा खालच्या वाण्याकडे फोन. "मामा, मी लघुग्रह शोधलाय! नाव आपल्या घरातलंच दिलंय, कुणाचं ते येऊन सांगते."

आता घरातलं म्हणजे कुणाचं? याला शंका तरी यावी? छे! खोली याच्या नावावर, रेशनकार्ड याच्या नावावर, मग आभाळ काय शेजाऱ्याच्या नावावर असणार? मंडळाच्या फळ्यावर स्वतःच लिहून मोकळा... 'ग्रह जयवंत'! लाज वाटते हो सांगायला, पण रंगीत खडूनं!

नलू आली ती थेट सत्काराच्या सभेला, आणि ही गर्दी. नलू पडद्यावर चित्रं दाखवत बोलतेय. "एकाच जागेचे दोन फोटो काढले. तारे जागच्या जागी, एक ठिपका तेवढा सरकलेला, तोच हा! आधी तात्पुरता नंबर मिळाला..."

"बदली कामगार!" जयवंत स्टेजवरून ओरडला.

"...मग वर्षानुवर्षं मागावर राहिले, त्याचा रस्ता पक्का झाला, तेव्हा कायमचा नंबर."

"पर्मनंट केला रे!" टाळ्या!

"मग मी नाव सुचवलं, कमिटीनं मंजूर केलं. हा कोळशासारखा काळा आहे. शंभरातले चार भाग उजेड परत देतो, बाकी गिळतो."

मागून कुणीतरी, "जयवंता, तुझोच सख्खो भाव रे!" हशा! हा पण हसतोय, खुशीत!

"म्हणून आधी लहान वाटला, लालबाग ते अंधेरी एवढा. पण काळी वस्तू उजेड पिऊन तापते ना, उपग्रहानं ती ऊब मोजली तेव्हा कळलं, हा लालबाग ते बोरिवली आहे!"

जयवंताची छाती दहिसरपर्यंत! आणि तेवढ्यात पडद्यावर नाव आलं... तुळसा.

यानं चष्मा पुसला. परत वाचलं. आणि तुम्हाला सांगतो, माईक चालू, सगळी चाळ समोर, आणि हा विचारतो, "नलू, ही तुळसा कोण गो?"

"मी."

मागं चहाचे कप घेऊन मालन उभी! "लग्नाआधीचा माझा नाव. लग्नात तांदळात 'मालन' तुमीच लिवलात मा?"

नलू हळूच म्हणाली, "मामीनं भाकऱ्या थापताना एकदा सांगितलं होतं."

एकदा! पोरीला एकदा ऐकून पुरलं, आणि याला अख्खा संसार पुरला नाही? कुणी हसलं नाही हो. हसले असते तर बरं झालं असतं... जयवंत खाली उतरला, मान छातीत, शाल काढून तिच्या खांद्यावर टाकायला गेला, तिच्या दोन्ही हातांत ट्रे, शाल सरळ चहात!

"आदी कप घेवा!" ती म्हणाली. यानं ट्रे घेतला, आणि ज्यांना सत्काराला बोलावलं त्यांनाच चहा वाटत फिरला. वर डोळे नाहीत, फक्त "घ्या... घ्या..." लाज वाटते हो सांगायला, पण मला त्यानं न बघताच दोनदा कप दिला.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून ऐकतो तर काय, हा मऊ आवाजात, "तुळसा... चहा टाकतेस?"

परत, "तुळसा?"

"तुळसा वर आसा," मालन म्हणाली, "मोठ्यान हाक मारा, लांब आसा!"

काय करतो बिचारा? स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला... आणि मग भिंतीवर टकटक. "शेजारी, साखर कुठल्या डब्यात असते हो?"

आता मला काय माहीत? मी पण नवराच की हो!