हरलेल्या मताला जागा

सन्माननीय अध्यक्ष मॅडम, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, महाविद्यालयातील प्राध्यापक व कर्मचारी, ज्यांना आज आपण निरोप देत आहोत ते आमचे ग्रंथपाल एलियास झिराडकर सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, आणि साखरशेतजवळच्या आमच्या पाड्यावरून सकाळच्या जीपने जव्हारला आलेल्या माझ्या माणसांनो, सर्वांना इथे शिकलेल्या प्रगतीचा नमस्कार.

मला पाच मिनिटे दिली आहेत. घरी घड्याळ समोर ठेवून मी हे भाषण तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा सात मिनिटे लागली. हे आधीच सांगून ठेवते.

सरांच्या शिस्तीविषयी बाकीचे वक्ते बोलले. मी फक्त एका वहीविषयी बोलणार आहे.

माझे पहिले शिक्षण घरी झाले. माझे वडील फागू, चौथीपर्यंत शिकलेले. सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने अक्षरे काढून त्यांनी मला वाचायला शिकवले. त्यांची एक ताकीद असे: कोणाचा निरोप सांगायचा तर सगळा सांगायचा, आपल्याला न पटलेला भागसुद्धा. तीन वर्षांपूर्वी ग्रामसभेने पाड्याचे तोंडी चालत आलेले नियम लिहून काढायचे ठरवले, तेव्हा ते काम माझ्याकडे आले. आणि पहिल्याच महिन्यात मी ती ताकीद मोडली.

झाले असे. भात कापून खळ्यावर नेले की शेतात काही लोंब्या सांडलेल्या राहतात. त्या म्हणजे सरवा. ज्यांना जमीन नाही त्या बाया तो वेचतात. पण भात निघाले की गुरे मोकळी सोडायची, हीही आपलीच रीत. गुरे आधी शिरली तर वेचायला काय उरणार? सभेत सखीमावशी उभी राहिली. मजुरीवर घर चालवणारी, वेचताना गाणी म्हणणारी बाई, सभेत कधी न बोललेली. म्हणाली, "तीन दिस गुरं बांधा. आमी वेचतो, मंग सोडा."

देवजीबाबांकडे पाड्यातली सर्वात जास्त गुरे. ते म्हणाले, "पेंढा अजून मळणीत आसतो. तीन दिस त्यांला काय तुझी गाणी खायला घालू?"

सभा हसली. हात वर झाले. मावशीच्या बाजूने चार.

मी सुंदर अक्षरात लिहिले, 'भात निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी गुरे सोडावीत.' खाली तारीख, सही. आठवड्याने मावशी आली आणि म्हणाली, वाचून दाखव. मी वाचले.

"आन् माझं?"

"मावशी, ते मंजूर झालं नाही ना."

"हारले म्हणून बोललेच नाय का मी?"

मी वही पिशवीत घातली आणि जव्हारला येऊन सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी पाने उलटली. मी सगळे नियम सभेच्या तारखांप्रमाणे लिहिले होते. विहीर, लग्न, बांबू, पुन्हा विहीर. सर म्हणाले, "ही वही आहे की सुट्टीच्या दिवशीचा एसटी डेपो?" मग त्यांनी चहा मागवला. सरांनी चहा मागवला की तास बुडाला, हे इथल्या विद्यार्थ्यांना माहीत आहे.

सरांनी स्वतःच्या लोकांपासून सुरुवात केली. ते कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, समाजाचे. पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. "का, ते सांगणारा ग्रंथ घरात नव्हता. आमचंही तुमच्यासारखंच, सगळं तोंडी. ग्रंथ मी नोकरीला लागल्यावर वाचले." त्या ग्रंथांत पहिला मिश्ना. ज्यू समाजाचे तोंडी कायदे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी त्यात एकत्र केले गेले. त्याचे सहा भाग: शेती, सण, बायकांचे हक्क आणि लग्न, नुकसान, देवाच्या वस्तू, शुद्धता. भागांत प्रकरणसंग्रह, संग्रहांत प्रकरणे, प्रकरणांत एकेक छोटा निवाडा. संग्रहांचा क्रम बहुधा लांबीवरून, मोठा आधी. पहिल्या भागात हा क्रम बिघडतो, हे मी नंतर पडताळून पाहिले. त्याशिवाय मध्येच एखाद्या पंडिताचे नाव निघाले की त्याचे दुसऱ्याच विषयावरचे निवाडेही तिथेच येऊन बसतात. आपल्या घरी पाहुण्यामागून पाहुणे येतात, तसे.

दुसरा ग्रंथ तालमूद. त्यात मिश्नाचा एक निवाडा घ्यायचा आणि त्यावर पिढ्यान्पिढ्यांचा वाद मांडायचा. छापील पानावर मधोमध निवाडा आणि वाद, चारी बाजूंनी नंतरच्या लोकांची भाष्ये. काही प्रश्न तर सुटलेच नाहीत. ते न सुटलेलेच ठेवले आहेत.

मग सरांनी मिश्नाच्या शेतीच्या भागातले एक पान काढले. मी थक्क झाले. त्यात सरवा होता. दोन लोंब्या एकत्र पडल्या तर गरिबाच्या, तीन पडल्या तर मालकाच्या. आणि लगेच पुढे: दुसरा पक्ष म्हणतो, तीनही गरिबाच्या, चार झाल्या तरच मालकाच्या. नियम पहिल्या पक्षाचा चालला. पण हरलेला पक्ष नावासकट तिथेच आहे.

मी विचारले, "सर, हरलेलं मत कशाला ठेवायचं?"

"हाच प्रश्न त्यांनीही विचारलाय. उत्तर असं, की उद्याच्या पंचांना ते पटलं तर त्यांना टेकायला काहीतरी हवं. मत ठेव, नाव ठेव, आणि कारण ठेव. कारण सगळ्यात महत्त्वाचं."

मी वही फाडली. खरे म्हणजे फाडली नाही, मला फाडवत नाही. नवी घेतली. सहा भाग पाडले, आमचे आमचे: शेत, पाणी, रान, गुरे, लग्न, भांडण. प्रत्येक नियमाखाली हरलेले मत, नाव आणि कारण. सरव्याच्या पानावर देवजीबाबांचे कारणही लिहिले: 'पेंढा तयार नसतो म्हणून.' मावशीला ते दोन लोंब्या आणि तीन लोंब्यांचे वाचून दाखवले. ती म्हणाली, "तिकडं बी मोजीत बसली होती का माणसं?"

गेल्या वर्षी परतीचा पाऊस रेंगाळला. भात आडवे झाले, लोंब्या चिखलात सांडल्या. मालकांच्या हाती कमी आले, सांडले जास्त. सांडलेल्यावर लगेच गुरे सोडायची की बायांना वेचू द्यायचे, यावर पाड्यावर बोलणी सुरू झाली, पण तोडगा कोणाला सुचेना. सभेत पाड्यातलाच मंगेश म्हणाला, "सरव्याचं पान वाच." मी उभी राहिले.  मी नियम वाचला. मग मावशीचे मत वाचले. मग देवजीबाबांचे कारण.

 पाऊस लांबल्यामुळे माळावर गवत पुन्हा गुडघाभर आले होते. गुरांना तीन दिवस काय, महिनाभर पुरले असते. लिहिलेले कारण त्या वर्षी उभेच राहत नव्हते, आणि ते सगळ्यांना एकदमच दिसले.

देवजीबाबांनी पागोटे सारखे केले. म्हणाले, "माझं कारन तर वाहून गेलं. घ्या तिचं."

हात वर झाले. मी दोनदा मोजले. एकही हात खाली नव्हता. नियम बदलला: पेंढा तयार नसेल आणि माळावर गवतही नसेल, तरच गुरे दुसऱ्या दिवशी सोडावीत. एरवी तीन दिवस सरव्याचे. त्या तीन दिवसांत बाया टोपल्या भरभरून भात घेऊन आल्या. सखीमावशी सर्वात पुढे होती, आणि आज या सभागृहात ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

सभा संपल्यावर देवजीबाबा माझ्यामागे आले. "पोरी, आता मी हारलो. माझं खोडू नको हां. नाव बी राहू दे." मी त्यांना पान दाखवले. मावशीच्या नियमाखाली त्यांचे नाव लिहून झाले होते.

सर, आमच्या पाड्यात कायदा तुमच्या आधीही होता. त्यात हरलेल्याला बसायला जागा तुमच्यामुळे झाली. तुम्ही सुखाने निवृत्त व्हा. वही चालू आहे.

संयोजकांचे, अध्यक्षांचे, मला ऐकून घेणाऱ्या सर्वांचे मी मनापासून आभार मानते. बोलण्यात काही सुटले असेल, कोणाला लागले असेल, तर माफ करावे. आणि मी चुकले असे ज्यांना वाटते त्यांनी जाण्यापूर्वी भेटावे. मी ते नावासकट आणि कारणासकट लिहून घेईन.