घेरापासून गळ्यापर्यंत

नाही हो मास्तर, फ्रॉक उंदरानं नाही कुरतडलेला. उंदीर इतका सरळ कुरतडतो होय? नीट बघा, चष्मा लावा हवं तर – एक धागा इकडचा तिकडे नाही. घेरापासून थेट गळ्यापर्यंत, एका दमात. काय म्हणालात, सरावाचा हात दिसतोय? – आहेच सरावाचा. माझा आहे. हसताय काय? बावीस वर्षं कपडे कापतेय मी. तुम्ही शिवायला कापता, मी नुसती कापते, एवढाच काय तो फरक. तो कोपरा वळलं की मोठं इस्पितळ नाही का, तिथे अपघात विभागात सिस्टर आहे मी. माणूस स्ट्रेचरवरून आत आला की डॉक्टरांनी छातीला हात लावायच्या आत माझी कात्री चाललेली असते – ही बघा, पर्समध्येच असते – वाकडी आहे, टोक बोथट, कातडीला लागत नाही. जीन्स कापते, कमरेचे पट्टे कापते, एकदा तर एका नवरदेवाचा कोट कापला, गाडी उलटली होती त्याची. बरा होऊन घरी निघाला तेव्हा कोटाचं विचारत होता गडी. जिवाचं नाही, कोटाचं.

तर तुम्ही मधे पट्टी लावायचं म्हणताय, लावा. लेस लावा, काय लावायचं ते लावा, पण पहिल्यासारखा दिसला पाहिजे. मुलीला घेऊन या म्हणजे? माप कशाला? गेल्या महिन्यात तुम्हीच शिवलाय, माप वहीत असेल की तुमच्या. महिन्यात काय ताडमाड वाढते का पोर? आणि ती शाळेत आहे आत्ता. – रविवार आहे, हो का. आमच्या ड्यूटीला कुठला आलाय रविवार. बरं, मग सर्दी झालीय तिला. सर्दी झालीय म्हटलं ना.

मास्तर, एक विचारू? ही मागची बटणं तुम्ही कापडाचीच का करता? दिसतात छान, मान्य आहे. पण ओली झाली की फुगतात, काजातून निघता निघत नाहीत. तुम्हाला कोण सांगणार म्हणा, तुमच्याकडे कुणी ओला फ्रॉक घेऊन येत नाही. माझ्याकडे आला होता. पाण्याच्या टाकीतून काढलेली पोर, सात-आठ वर्षांची, आणि तिची आई स्ट्रेचरला धरून पळत आलेली. मी कात्री काढली, घेर उचलला – आणि ती बाई म्हणते, सिस्टर, कापू नका, नवा आहे, आजच घातलाय तिनं. लोक असलंच काहीतरी बोलतात हो त्या वेळी. डोकं ठिकाणावर नसतं, फ्रॉकला धरून बसतात, म्हणजे पोरही धरून ठेवल्यासारखी वाटते. बावीस वर्षांत मी कुणाचं ऐकलं नाही. कोटवाल्याच्या घरच्यांचं ऐकलं नाही. हिचं ऐकलं. का ऐकलं? माझ्या लेकीला त्याच सकाळी मी सांगून आले होते – नवा आहे, जपून घाल गं, मळवू नकोस. तेच शब्द. मी पोरीला कुशीवर वळवलं आणि बटणं काढत बसले. सहा बटणं. चौथं निघेना. मग कापलाच, पण बटणांपाशी वेळ गेला तो गेलाच.

काय झालं म्हणजे? गेली. मोठे डॉक्टर नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, सिस्टर, आणली तेव्हाच काही उरलं नव्हतं, तुमच्या त्या बटणांनी काही फरक पडला नाही. ते कशाला खोटं बोलतील? – बोलतात हो, चांगली माणसंच बोलतात. मी नाही का नातेवाइकांशी बोलत, त्याला काही कळलं नाही, त्रास झाला नाही म्हणून? त्याच आवाजात बोलले ते. तो आवाज मी ओळखते, आम्ही सगळे तोच वापरतो.

पण मी रडले नाही हं. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर हजर. मेट्रन म्हणाल्या, समुपदेशकबाईंना भेटा. भेटले. बाई म्हणाल्या, डोळे मिटा आणि तुमच्या आवडीच्या जागी जा. मी म्हटलं, माझी आवडीची जागा इथून खाली दोन मजले, अपघात विभागात. आता म्हणतात लसीकरणाला बसा थोडे दिवस. नवरा म्हणतो, सोडच ती नोकरी. का सोडू? सुतारानं बोट कापून घेतलं म्हणून करवत टाकून देतो का तो? मला झोप लागते, मी जेवते, माझा हात कापत नाही – हा बघा. काही झालेलं नाही मला.

फ्रॉकचं ना? सांगते की, त्यात लपवायचं काय आहे. ड्यूटी संपवून दुपारी घरी आले. लेक कोचावर उताणी, हाच फ्रॉक अंगात, एक हात खाली लोंबलेला. हाक मारली. उठली नाही. तिची झोपच तशी आहे, ढोल वाजवा कानाशी. मला माहीत नाही का, मी आई आहे तिची. तरी दुसरी हाक मारली नाही मी. वेळ नव्हता, मास्तर. घेर उचलला आणि – मोजून चार सेकंद लागले असतील. छातीच्या मधल्या हाडावर हात ठेवून मी दाब द्यायला लागले तेव्हा ती ओरडली.

असं बघू नका माझ्याकडे. ओरखडासुद्धा नाही उमटला, सांगितलं ना टोक बोथट आहे. आणि उद्या पुन्हा तशी दिसली तर पुन्हा कापीन, नवा असो की जुना असो. कुणाच्या बापाचं ऐकणार नाही आता.

मापाला ती नाही येणार. सर्दीबिर्दी काही नाही. ती माझ्याबरोबर कुठेच येत नाही सध्या. बाबांबरोबर जाते शाळेत, बाबांकडूनच वेणी घालून घेते, त्यांना घालता येत नाही तरी. आणि झोपताना खोलीला आतून कडी लावते. आठ वर्षांची पोर. इतकी वर्षं माझ्या अंगावर पाय टाकून झोपायची. नवरा म्हणतो, कडी काढून टाकतो. मी म्हटलं, हात लावायचा नाही कडीला, तिला लावायचीय ना, लावू दे. फक्त मी बाहेर उभी राहते थोडा वेळ. म्हणजे तिला झोप लागेपर्यंत. नंतरही. दार जाड आहे, मास्तर, पलीकडचा श्वास ऐकू येत नाही.

म्हणून म्हटलं फ्रॉक तेवढा नीट झाला तर. – नको, पाणी नको. आणि ते नवीन शिवून देण्याचं बोलू नका, नवीन नकोय, हाच हवाय, हाच तिनं उचलून माझ्या अंगावर फेकला. बुधवारी न्यायला तिचे बाबा येतील. त्यांना यातलं काही सांगू नका. सोडा आता माझी ती कात्री, मला ड्यूटीवर जायचंय.