चकतीवरच्या डागाच्या चोरीबाबत

मी, वय एकेचाळीस, धंदा नोकरी, हुद्दा संशोधक, राहणार संशोधन संस्थेची वसाहत, ठाण्यात स्वतःहून हजर होऊन विचारल्यावरून सांगते की,

हवा काढून घेतलेल्या भांड्यात काचेची चकती अतिशय गार करायची, तिच्यावर पाणी, अमोनिया वगैरेंच्या वाफेचा बर्फ बसवायचा आणि त्यावर अतिनील दिवा सोडायचा, हे माझे काम. ताऱ्यांमधल्या पोकळीत धुळीच्या कणांवर असाच बर्फ असतो. नंतर हळूहळू ऊब दिली की बर्फ उडून जातो आणि कधी पिवळट डाग उरतो. सजीव ज्या रेणूंनी बनतात, त्यांतले काही त्यात सापडू शकतात. अंमलदारांनी विचारले, माल जिवंत होता काय? नव्हता.

या वेळी डाग चांगला उमटला होता. चकती भांड्यातून काढून ठेवली होती, तपासणी बाकी होती. मी नवऱ्याला फोनवर कळवले. तो म्हणाला, "डाग पडला म्हणून हरखलेली बाई मी पहिल्यांदाच बघतोय."

दुसऱ्या दिवशी संचालक साहेब एका बड्या पाहुण्यांना आणि फोटोग्राफरला घेऊन आले. पाहुणे म्हणाले, "जीवनाची सुरुवात कुठंय? काच तेवढी मळलेली दिसतेय." मी "साहेब, नको" म्हणेपर्यंत साहेबांनी चकती उचलली आणि खिशातल्या रुमालाने लख्ख पुसली. पाहुण्यांनी निरखून पाहिले. "वा! आता कसं स्पष्ट दिसतंय." फोटो निघाला. पेपरात छापून आला. साहेब हसत आहेत. मी फोटोत नाही.

बातमी वाचून वरच्या कार्यालयाने नमुना मागवला. तेव्हा साहेबांनी फिर्याद दिली की, खोली झाडणाऱ्या मावशींनी तो पाहुणे आले त्याच दिवशी लांबवला. त्या दिवशी मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी दवाखान्यात होत्या. मुलगी झाली. हे साहेबांना माहीत आहे, पेढा त्यांनीही खाल्ला.

काल साहेब मला म्हणाले, "बाई, तुम्ही काही पाहिलं नाही. नवं यंत्र हवंय ना?" हवे आहे. फार दिवसांपासून हवे आहे.

चकती साहेबांनी माझ्यासमोर पुसली. मावशींनी यंत्राला कधी हात लावलेला नाही. त्यांना सकाळपासून इथे बसवून ठेवले आहे. घरी बाळंतीण एकटी आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. बाकावरून मावशींनीही ऐकला. दोघींच्या मते बरोबर आहे.