गवताशेजारची खुर्ची

— नाही नाही, तिथं नको, ह्या खुर्चीवर बसा. ती पाहुण्यांची खुर्ची आहे, ही आपल्या माणसाची. खिडकीलगत आहे, वारा येतो, ऊन येतं, आणि शेजारी — शेजारी जे आहे त्याबद्दल मी बोलणार नाही. मला सक्त ताकीद आहे. तुम्ही दारात चपला काढत होतात ना, तेव्हा लेकीनं मला आत ओढून नेलं आणि म्हणाली, बाबा, आज झाडाचा झ काढायचा नाही. तीन विषय दिलेत मला तिनं — हवा, नोकरी, तब्येत. ह्यातलं काय वाटेल ते बोला म्हणाली, पण गवताचं नाव काढलंत तर मी तुमच्याशी बोलणार नाही. आणि ती बोलत नाही म्हणजे बोलत नाही हो, आईच्या वळणावर गेलीय. तिच्या आईनं एकदा अबोला धरला तो कुंडीतल्या रोपाला फुलोरा येऊन, बी पडून, नवं रोप उगवेपर्यंत टिकला होता. बरं, त्यांचंही चुकत नाही म्हणा. तुमच्याआधी, तुमची-तिची ओळखही नव्हती तेव्हा, दोन मुलं येऊन गेली ना, तुम्हाला सांगितलं असेलच — नाही? मग मी सांगितलं म्हणू नका. पहिला ह्याच खुर्चीवर बसला आणि म्हणाला, हे सगळं उपटून इथं काचेचं काहीतरी ठेवता येईल. मी उठून त्याच्या हातातला चहा परत घेतला. दुसरा बरा होता, हसरा होता, पण बोलता बोलता त्यानं एक काडी मोडली आणि दातात घातली. दातात. तीन वर्षं जपलेली काडी. आता लेक म्हणालीय की हा तिसरा, तुम्ही म्हणजे, गेला तर मी पुन्हा घरात कुणाला आणणार नाही, आणि मीही घरात राहणार नाही. तेव्हा घाबरू नका, मी अगदी शहाण्यासारखा वागणार आहे. बसा ना टेकून.

तर हवा. हवा छान आहे, नाही? कोरडी आहे, वारा सुटलाय. लोक वाऱ्याला फार कमी लेखतात — कपडे वाळवायचे, पतंग उडवायचे, संपलं. अहो, कितीतरी वनस्पतींचा संसार वाऱ्याच्या जिवावर चालतो. रंगीत फुलं असतात त्यांचं एक बरं असतं, माश्यांना बोलवायचं, मध द्यायचा, काम करून घ्यायचं — लाचच म्हणा ना. पण गवत — मी गवत म्हणालो नाही हं, हवेबद्दलच चाललंय — ते लाच देत नाही. रंग नाही, वास नाही, मध नाही, सगळा भरवसा वाऱ्यावर. पराग हवेत सोडून द्यायचा, पोचेल तिथं पोचेल. मग सोडावा लागतो तोही ढिगानं, कारण बहुतेक वाया जातो. बघायचंय? एकच मिनिट. ही कुंडी जवळ घेतो तुमच्या — हा तुरा बघा, ह्याला नुसती एक टिचकी — दिसलं? धूर. पिवळा धूर. उन्हात कसा तरंगतोय बघा, आणि चाललाय बरोबर तुमच्याकडे. हुशार आहे — घ्या, शिंक आली. बोलता बोलता शिंक आली म्हणजे बोलणं खरं.

काही नाही गं, हवेबद्दल बोलतोय. हवा, हवा. त्यांनाच विचार — बघा, हलवली की नाही त्यांनी मान.

लेकीच्या आईला स्वयंपाकघरातूनही वास लागतो. आता तुम्हाला म्हणून सांगतो, हे जे तुम्ही बघताय ना, लोक ह्याला तण म्हणतात. माझं सगळं आयुष्य ह्या एका शब्दाशी भांडण्यात गेलं. शाळेत मला शिक्षा असायची, मैदानातलं गवत उपटायची — मी तास चालू असताना खिडकीबाहेर बघायचो म्हणून. बाकीची पोरं उपटायची आणि फेकायची. मी उपटायचो आणि मुतारीमागे नेऊन लावायचो. तिथं ओल असते ना. पुढे तिथं कमरेएवढं रान माजलं, गुरुजींनी विचारलं हे कुणाचं काम, आणि मला पुन्हा शिक्षा, काय, तर गवत उपटायची. म्हणजे माझी तर चैनच — अहो. अहो, हे काय. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं? नाही नाही, पुसू नका, लाजायचं काय त्यात. असू दे. मी कितीजणांना ही गोष्ट सांगितली, लोक हसतात हो. माझा सख्खा भाऊ हसला. रडणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघतोय. हा घ्या रुमाल, थोडी माती लागलीय, चांगली माती आहे. थांबा, दुसरीही कुंडी इकडे सरकवतो. हात कशाला हलवताय, संकोच करू नका, मला काही त्रास नाही.

हां, नोकरी. नाहीतर लेक म्हणेल नोकरीचं विचारलंच नाही. तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता ना? चांगलं काम आहे, अडकलेल्यांना सोडवायचं, लोक दुवा देतात. पण मला एक सांगा, तुमची लिफ्ट चालायला मोटर लागते, दोर लागतो, महिन्याला कुणीतरी तेल द्यायला लागतं, तरी ती बंद पडते — आणि ते समोरचं झाड बघा. पाणी मुळापासून शेंड्यापर्यंत चढतं रोज, कुठं मोटर आहे का, आवाज आहे का? वर पानातून वाफ उडते आणि खालचं पाणी तिच्यामागं ओढलं जातं, एका थेंबाला दुसरा धरून, रांगेत. तुम्ही कारागीर माणूस, तुम्हाला कळेल ह्यात काय मजा आहे. कळलंच की, पुन्हा भरून आलं तुम्हाला. मी सांगतो, आमचंही नोकरीत असंच व्हायचं. मी विजेचे मीटर वाचायला जायचो घरोघर. मीटर कुठं असतात? मागच्या बाजूला. आणि माणसं पुढून कितीही झाडून पुसून ठेवू देत, मागच्या बाजूला गवत असतंच. मी आधी ते बघायचो, मग मीटर. एकदा काय झालं, एका म्हातारबाईंच्या मीटरखाली असा एक तुरा आलेला होता की ज्याचं नाव ते, मी त्याचे दाणे मोजत बसलो, आणि भारावलो होतो हो, रीडिंगच्या जागी दाण्यांचा आकडा लिहून आलो. बाईंना बिल गेलं. एक दिवा आणि एक पंखा असलेल्या बाई, त्यांना पिठाच्या गिरणीचं म्हणावं असं बिल. त्या काठी घेऊन ऑफिसात आल्या. साहेबांनी विचारलं हे काय आहे, मी म्हणालो, साहेब, आकडा खोटा नाही, फक्त विजेचा नाही. निवृत्त झालो तेव्हा मंडळींनी मला प्लास्टिकचं झाड भेट दिलं. थट्टेनं दिलं, कळतं मला. तरी मी त्याला आठवडाभर पाणी घातलं. घरी आलेल्याला पाणी विचारायला नको?

नोकरी, नोकरी. नोकरीवर आलोय आता. तू चहाचं बघ.

तुमच्या होणाऱ्या सासूबाई — होणाऱ्या म्हणालो का मी? तोंडातून गेलं. जाऊ दे, गेलं ते गेलं. तर ह्या बाईंचं मला कौतुक आहे. लग्न नवीन होतं, मी कामावरून पिशवी भरून रोपं आणली, मुळांसकट, ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि हात धुवायला गेलो. परत येतो तर हिनं पालेभाजी समजून ती चिरून, परतून टाकलेली. ताट वाढलं, मी जेवलो. डोळ्यांतून पाणी, तोंडात घास. वाईट ह्याचं वाटत होतं की चव चांगली होती. पण बघा, त्यातूनही मी शिकलोच. गवताची वाढ शेंड्याला नसते, बुडाशी असते, जमिनीलगत. म्हणून जनावरानं वरचं खाल्लं तरी ते मरत नाही, खालून पुन्हा येतं. उलट खाणारं कुणी नसलं तर झुडपं येतात, झाडं येतात, सावली पडते आणि गवतच संपतं. म्हणजे खाणारा आणि खाल्ला जाणारा, दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही. आमच्या घरात कोण कुणाला खातं ते विचारू नका, पण इतकी वर्षं चाललंय. तुम्ही — अरे देवा, तुम्ही तर हुंदके देताय.

मला आता राहवत नाही, सरळच सांगतो. मी तुम्हाला पसंत केलंय. तुम्ही तोंडातून शब्द काढला नाहीत, पण मला शब्द नकोच होते. कारण काय आहे, लेक गेली की हे घर मोठं होणार आहे माझ्यासाठी. रोज सकाळी ती आणि मी ह्या कुंड्या उन्हात काढतो, ती तुरे झटकते, मी बी गोळा करतो, आणि मग ती तशीच कामाला जाते, केसांत पिवळी भुकटी घेऊन. आता ती तुमच्याकडे जाणार. मला भीती ही होती की हिला कुणीतरी असा मिळेल जो म्हणेल, हा काय कचरा डोक्यात. मी रात्री — नको, ते नको सांगायला. मला वाईट वाटतंय ती जाणार म्हणून, एवढंच. आणि तुमच्याकडे बघून बरंही वाटतंय. मी निम्म्या कुंड्या तुम्हाला देणार आहे. लग्नातच देतो.

असे दचकलात का? बरं, ते नंतर बघू. एक विषय राहिलाय, तो उरकू, म्हणजे मी आज्ञा मोडली असं नको. तब्येत. तब्येत कशी असते आपली?

काय? रुमाल काढून बोला. शिंका. हो, त्या दिसतायत. कधीपासून? दोन वर्षं? दोन वर्षं सर्दी कुणाला असते हो — हे काय दाखवताय, कसल्या गोळ्या ह्या? द्या इकडे, चष्मा कुठंय माझा. प-रा-ग... परागकणांची ॲलर्जी. गवताच्या.

असं.

म्हणजे मघाशी मुतारीमागच्या रानाला जे रडलात — हं. आणि झाडाच्या पाण्याला. आणि हिच्या भाजीला. नाही, राग नाही, मला जरा बसू द्या. मीच तुमच्या नाकाखाली टिचकी मारली की हो. आणि तुम्ही हात हलवत होतात तेव्हा मी कुंडी आणखी पुढे सरकवली. तरीच लेक म्हणते, त्याला मेल्याला कायमच सर्दी. म्हणजे तिला माहीत नाही? का नाही सांगितलंत?

काय म्हणालात? पुन्हा सांगा, हळू नको.

ती मग केस धुऊन येईल म्हणून.

दोन वर्षं ती रोज केसांत ही भुकटी घेऊन शेजारी बसते, आणि तुम्ही गोळी घेऊन तिच्या शेजारी बसता. आणि आज दोन गोळ्या घेऊन माझ्या शेजारी बसलात. अरे, पहिले दोघं चांगली मोकळी नाकं घेऊन आले होते रे, पावपाव तासात उठून गेले. आणि तू इथं डोळे सुजवून माझ्या मीटरच्या गोष्टी ऐकत बसलायस. उठायचं नाही का तुला? बापाला वाईट वाटेल म्हणून बसलास? वेडा आहेस का? तुझे ओठ सुजलेत, कळतंय का तुला? ऊठ. नाही, चहा नको, बिस्किट नको, आधी ऊठ. चल, घराबाहेर हो, आत्ताच्या आत्ता.

हो, हाकलतोय. ऐकलंस ते बरोबर ऐकलंस. अगं, पसंत आहे म्हणून हाकलतोय, तू मध्ये बोलू नकोस. आणि तिला म्हणावं रडू नकोस, आज रडायचा कोटा ह्यानं संपवलाय.

चपला घाल. निम्म्या कुंड्यांचं मी बोललो ते मागे घेतो, एकही देत नाही. ज्याला बघायच्या असतील त्यानं इकडे यावं, म्हणजे तिनं यावं, रविवारी, आणि जाताना आंघोळ करून जावं. लग्नाची तारीख मात्र मी काढणार. हे तुरे वाळले, बी पडलं, की त्यानंतरची कुठलीही, नाहीतर सगळे म्हणतील नवरा मुलगा मांडवात रडतोय. चल, चल. नाही, फाटकाशी उभा राहू नकोस, तिथंही लावलंय मी. कुंपणालाही आहे. रस्त्यापलीकडे जा, तिथं ते दुकानासमोर सगळं सिमेंट केलंय बघ, एक पातं उगवत नाही. इतकी वर्षं मी त्या दुकानदाराशी बोलत नाही त्यावरून, आणि आज बघ, मला ते सिमेंट बघून हायसं वाटतंय. हां, तिथंच. थांब आता, हलू नकोस. पाठवतो तिला — केस झटकून पाठवतो.